शेळीचा सौदा : नजरेवर नव्हे, काट्यावर

२०२३ सालची बकरी ईद २९ जूनला होती. तिच्या तीन आठवडे आधी, औसा तालुक्यातील आमच्या चाचांच्या अंगणात एक व्यापारी येऊन बसला. त्याने तिन्ही बोकडांच्या कमरेवरून हात फिरवला, जबडा उघडून दात पाहिले, चहा घेतला आणि तिघांचे मिळून ३६ हजार सांगितले. पेरणी तोंडावर आली होती. सोयाबीनचे बियाणे व खत घ्यायचे होते, धाकट्या मुलीच्या डी. फार्मसीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. चाचांनी थोडी ओढाताण करून पाहिली, शेवटी पाच हजार इसार घेतला आणि जबान दिली.

संध्याकाळी सहज म्हणून आम्ही शेजारून ताणकाटा मागून आणला, पोत्याची झोळी केली आणि बोकड एकेक करून टांगले. ३८, ३४ आणि ३१ किलो. एकूण १०३. हिशेब केला तर किलोला साडेतीनशेही पडत नव्हते. म्हणजे ईदसाठी म्हणून वर्षभर सांभाळलेले, बिनखोडीचे, दात आलेले बोकड रोजच्या मटणाच्या भावाने गेले होते. चाचा एवढेच म्हणाले, "जबान दिल्यावर काटा कशाला आणलास?"

यात व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने कुणाला फसवले नव्हते. किंमत त्याने सांगितली, ती चाचांनी मान्य केली. फरक इतकाच की त्याच्या डोळ्यात काटा होता आणि चाचांच्या डोळ्यात नव्हता. जो माणूस रोज पन्नास जनावरांवर हात फिरवतो तो एका किलोच्या अंतराने वजन सांगतो. जो वर्षातून तीन बोकड विकतो त्याला ते जमणार नाही, आणि जमावे अशी अपेक्षाही करू नये. त्याने काटा विकत घ्यावा.

गरिबाची गाय, पण हिशेबाबाहेर

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आम्हाला वाटते, या कौतुकाने शेळीचे नुकसानच केले आहे. गाईच्या दुधाचा रोज हिशेब होतो, सोयाबीनच्या पोत्यांचा होतो, पण शेळी ही "असतात दारात चार" अशी गोष्ट राहते. अडचण आली की एक विकायची, पाहुणा आला की एक कापायची. वर्षाअखेर किती करडे जन्मली, किती मेली, किती विकली, कितीला विकली, हे दहातल्या नऊ घरांत सांगता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या होत्या, आणि त्यांतील बहुतेक अशाच दोन-चार-दहाच्या संख्येने लहान शेतकऱ्यांच्या व भूमिहीनांच्या दारात आहेत.

दोन-तीन एकर कोरडवाहू शेती असणाऱ्याला हा जोडधंदा का परवडतो, याचे कारण शेळीपेक्षा शेतात जास्त आहे. तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट, सोयाबीनची गुळी, भुईमुगाचा पाला, बांधावरचा झाडपाला या गोष्टींना बाजारात फारशी किंमत नसते. शेळी त्यांचे मटण करते आणि वर लेंडीखत देते. धनगर बांधवांना पैसे किंवा धान्य देऊन शेतात मेंढरे बसवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तेच खत स्वतःच्या गोठ्यातून मिळत असेल तर ते उकिरड्यावर पावसात वाहू देणे हा शुद्ध तोटा आहे. लेंडीखत खड्ड्यात, सावलीत कुजवून पेरणीआधी दिले तर विकतच्या खताचा खर्च काही अंशी खाली येतो. शेळीचा नफा मोजताना हा भाग धरला पाहिजे, एरवी धरला जात नाही.

खाटकाचा हिशेब शिकून घ्या

घेणारा हिशेब कसा करतो ते समजले की विकणाऱ्याचा गोंधळ निम्मा कमी होतो. जिवंत बोकडाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी मटण पडते. ३१ किलोच्या बोकडाचे साधारण चौदा-साडेचौदा किलो धरा. गावात मटण ८०० रुपये असेल तर साडेअकरा हजारांच्या आसपास रक्कम झाली. मुंडी, पाय, वजडी आणि कातडे यांतून त्याची मजुरी, दुकानभाडे आणि नफा निघतो. म्हणजे जिवंत वजनाला किलोमागे ३६० ते ३७५ रुपये देणे त्याला परवडते. भाव आपापल्या गावचा घ्यावा, रीत हीच. एवढा आकडा मनात धरून बाजारात गेलात की रुमालाखाली कुणी किती बोटे दाबली याने तुम्ही भांबावणार नाही.

हा झाला मटणाचा भाव, म्हणजे तळाची किंमत. ईदच्या बोकडाला त्यावर जे मिळते ते वयाचे, दिसण्याचे आणि निर्दोष असण्याचे मिळते. ते मागायचे असेल तर आधी तळ माहीत हवा. चाचांची चूक नेमकी इथे झाली होती.

काटा लगेच घेणे शक्य नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि आलेल्या संख्येला ६६० ने भागा. उत्तर किलोत येते. घेर २८ इंच व लांबी २६ इंच असेल तर सुमारे ३१ किलो. गाभण शेळीला किंवा नुकत्याच पाणी प्यालेल्या जनावराला हे गणित लागू पडत नाही, पण बोकडाला बरेच जवळ जाते. वजन नेहमी सकाळी, चारा-पाण्याआधी करावे. विक्रीच्या दिवशी मीठ चारून पोटभर पाणी पाजण्याची युक्ती काही जण करतात. ती लबाडी आहे, आणि अनुभवी घेणाऱ्याला पोटाकडे पाहताच ती कळते. मग तो वजनातून दोनऐवजी चार किलो कापतो.

काट्याचा उपयोग फक्त विक्रीच्या दिवशी असता तर एवढे लिहिले नसते. जंताचे औषध वजनावर द्यायचे असते. अंदाजाने कमी दिले तर जंत मरत नाहीत आणि पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. पाठ कधी भरवायची हेही वजनच सांगते. वीस-बावीस किलो होण्याआधी भरवली तर तिची स्वतःची वाढ खुंटते, करडू अशक्त होते आणि दूध पुरत नाही. करडांचे दर महिन्याला वजन घेऊन वहीत लिहिले तर कोणते वाढत नाही ते दोन महिन्यांत दिसते. डोळ्याला ते सहा महिन्यांनी दिसते, तोवर चारा फुकट गेलेला असतो.

ईद आणि पंचांग

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते तिच्याकडे येऊ. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दर वर्षी तेवढी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. नमाज पढणाऱ्याला हे सांगायला नको, पण शेळी पाळणाऱ्याच्या चाऱ्याच्या नियोजनात ते उतरलेले दिसत नाही.

२०१६ मध्ये बकरी ईद १३ सप्टेंबरला होती, २०१८ मध्ये २२ ऑगस्टला. त्या काळात ईदच्या आधीचे दोन महिने पावसाळ्याचे होते. बांधावर हिरवे गवत होते, बोकड आपोआप भरत होता. ज्यांनी तेव्हा धंदा शिकला त्यांना वाटते की शेवटच्या दोन महिन्यांत अंगावर मांस चढतेच. २०२५ ची ईद ७ जूनला आली. २०२८ ची साधारण ५ मेच्या आसपास आणि २०२९ ची एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात येईल, चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडे-तिकडे. म्हणजे शेवटचे दोन-तीन महिने आता फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे आहेत. मराठवाड्यात त्या दिवसांत बांधावर काय असते ते शेतकऱ्याला विचारायला नको. बोकड नेमका विक्रीच्या तोंडावर वजन गमावतो. म्हणून तूर आणि हरभऱ्याच्या मळणीचे भुसकट शेतातच न जाळता, कोरडे करून झाकून ठेवणे हीच आता ईदची तयारी आहे. त्याला थोडा मका किंवा ज्वारीचा भरडा, थोडी पेंड आणि विहिरीला पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघासाची जोड द्यावी.

दुसरा मुद्दा वयाचा. कुर्बानीच्या बकऱ्याला एक वर्ष पूर्ण असावे लागते, आणि घेणारा वर्ष दातांवर ओळखतो. अडचण अशी की पक्क्या दातांची पहिली जोडी बऱ्याच वेळा बारा महिन्यांनंतरच, तेराव्या ते पंधराव्या महिन्यात येते. तुमचा बोकड बरोबर बारा-तेरा महिन्यांचा असला तरी दात नसल्याने गिऱ्हाईक "बच्चा है" म्हणून पुढे जातो. जन्माची नोंद दाखवली तर ओळखीचा माणूस मानतो, शहरातला अनोळखी मानत नाही. म्हणून ईदच्या दिवशी बोकड चौदा-पंधरा महिन्यांचा असेल असे धरून मागे मोजत यावे.

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे सुमारे १५० दिवसांचा असतो. मे २०२८ च्या ईदला दात आलेला बोकड हवा असेल तर तो फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्ये जन्मला पाहिजे, म्हणजे शेळी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२६ मध्ये भरली पाहिजे. पावसाळ्याचा चारा खाऊन त्या दिवसांत शेळ्या अंगाने चांगल्या असतात आणि माजावरही येतात, ही गोष्ट सोयीची आहे. भरवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी रोज पाव किलो खुराक दिला तर जुळ्यांची शक्यता वाढते. माज साधारण दीड दिवस टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी बोकड दाखवावा. चुकला तर पुढचा माज एकवीस दिवसांनी.

मात्र सगळी मदार ईदवर ठेवू नये. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर उरलेला बोकड मटणाच्या भावाने जातो, कधी त्याहून खाली. आखाड, धुळवड आणि गावोगावच्या जत्रा या काळात मागणी चांगली असते, श्रावणात ती पडते. दहा बोकडांपैकी जे खरोखर देखणे, शिंग-कान शाबूत, पायाने नीट असे असतील तेवढेच ईदसाठी राखावेत. बाकीचे सात-आठ महिन्यांचे झाले की आखाडाला विकून चारा वाचवावा. ज्यांना ईदसाठी ठेवायचे त्यांचे कान कापून खूण करू नये, एकमेकांच्या टकरीत शिंग मोडणार नाही असे वेगळे बांधावेत. कानात बारा आकडी बिल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच मारून घ्यावा. आता बाजारात व वाहतुकीत तो मागितला जातो, आणि वहीतील नोंदीलाही त्याच आकड्याचा आधार मिळतो.

जाता जाता शहरातील वाचकांना एक विनंती. ईदच्या तीन-चार दिवस आधी घरी आणलेल्या बकऱ्याला मुले मायेपोटी चपाती, भात, भिजवलेले चणे खाऊ घालतात. ज्याला धान्याची सवय नाही त्याच्या पोटात त्याचे आम्ल होते, पोट फुगते आणि जनावर एका रात्रीत जाते. विकणाऱ्याला विचारून तो जे खात होता तेच द्यावे, झाडपाला आणि वाळका चारा.

खरा तोटा गोठ्यात

भाव कमी मिळाल्याने जेवढे नुकसान होते त्याहून जास्त नुकसान करडे मेल्याने होते, आणि ते कुणी मोजत नाही, कारण न जगलेल्या करडाचे पैसे हातातून गेले असे वाटत नाही. दहा उस्मानाबादी शेळ्या नीट सांभाळल्या तर दोन वर्षांत तीन वेते होतात. वेताला सरासरी दीड करडू धरले तर वर्षाला बावीसेक करडे झाली. त्यांतील तिसरा हिस्सा मेला तर पंधरा उरतात. मरतुक दोन-तीनवर आणली तर वीस उरतात. पाच करडांचा फरक. प्रत्येकी २५ किलोची करून मटणाच्या भावाने जरी विकली तरी चाऱ्याचा खर्च वजा करण्यापूर्वी ही रक्कम ४५ हजारांच्या घरात जाते. दोन एकर कोरडवाहू सोयाबीनमध्ये खर्च जाऊन एवढे दर वर्षी उरतेच असे नाही.

करडे मरतात ती बहुधा दोन वेळा. पहिली वेळ जन्मानंतरचा आठवडा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत अजून अनेक घरांत आहे आणि ती सरळ चुकीची आहे. करडू जन्मल्यावर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढण्याची ताकद करडाला त्यातूनच मिळते, आणि पहिल्या दिवसानंतर आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता संपत जाते. दिवसभरात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक जावा, म्हणजे दोन किलोच्या करडाला सुमारे दोनशे मिली, चार वेळा विभागून. नाळ दोन इंचांवर स्वच्छ ब्लेडने कापून टिंक्चर आयोडीन लावावे. जुळ्यांतील लहान करडाला थान सापडत नाही, मोठे दोन्ही थानांवर हक्क सांगते. तिथे माणसाने बसावे लागते. हे काम घरातल्या बायकाच करतात, आणि म्हणून शेळीचे प्रशिक्षण पुरुषांना देऊन बायकांना घरी ठेवण्यात काही शहाणपण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी वेळ पावसाळ्याची सुरुवात. पहिल्या पावसानंतर कोवळे लुसलुशीत गवत आले की सर्वांत तरतरीत करडू संध्याकाळपर्यंत तडफडून मरते. लोक म्हणतात नजर लागली. हा आंत्रविषार असतो. पोटातले जंतू एकदम भरपूर कोवळा चारा मिळाल्यावर विष तयार करतात, म्हणून अधाशी आणि धडधाकट करडेच आधी जातात. रोग झाल्यावर उपाय करायला वेळ मिळत नाही. मे महिन्यात, पावसाआधी लस टोचणे हाच उपाय आहे. ज्या करडांना पहिल्यांदाच टोचायचे त्यांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, ती बहुतेक जण विसरतात. त्याच सुमारास घटसर्पाची लस घ्यावी. पीपीआरची लस तीन-चार महिने वयानंतर एकदा दिली की साधारण तीन वर्षे पुरते. ही साथ एखाद्या कळपात शिरली तर महिन्याभरात कळप निम्मा करते, तेव्हा ती टाळू नये. लसींसाठी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे किंवा जवळच्या दवाखान्यात एप्रिलमध्येच नाव नोंदवावे आणि गावातील सगळ्या शेळ्या एकाच दिवशी टोचून घ्याव्यात. एकट्याच्या चार शेळ्या टोचून शेजारच्या चाळीस तशाच राहिल्या तर फारसा फायदा नाही.

गोठ्यावर फार पैसा घालू नका. मोठ्या शेळीला छपराखाली दहा चौरस फूट आणि मोकळे वीस चौरस फूट जागा पुरे. जमीन कोरडी हवी, मूत्र वाहून जायला उतार हवा, गव्हाण जमिनीपासून उंच हवी. सिमेंटच्या महालात ओलीने खोकणाऱ्या शेळ्या आम्ही पाहिल्या आहेत आणि बाभळीच्या मेढींवरच्या पाचटाच्या छपराखाली ठणठणीत शेळ्याही पाहिल्या आहेत.

चांगला बोकड आपणच विकून टाकतो

एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. वेगाने वाढणारा, सर्वांत मोठा बोकड आपण ईदला विकतो. मागे राहतो तो कुणी न घेतलेला, खुजा, आणि तोच पुढच्या वर्षी सगळ्या शेळ्या भरवतो. असे दहा-पंधरा वर्षे चालले की कळप लहान होत जातो आणि मग आपण म्हणतो, गावठी शेळीत दम नाही. उलट करावे. जुळ्या करडांतला, दूध भरपूर देणाऱ्या शेळीचा, सहाव्या महिन्याला वहीत सर्वांत जास्त वजन असलेला बोकड बाजूला काढावा आणि त्याला मिळणाऱ्या ईदच्या भावाकडे पाहू नये. वीस-पंचवीस शेळ्यांना असा एक बोकड पुरतो. दोन वर्षांनी तो स्वतःच्याच मुलींना भरवू लागतो, त्याआधी त्याला बदलावे. दोन गावांतल्या दोन पाळणाऱ्यांनी आपापसांत बोकड बदलून घेतले तर दमडी खर्च होत नाही.

जातीच्या बाबतीत आमचा कल जुन्याकडे आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर पट्ट्यात उस्मानाबादी, नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ या आपल्या हवेत मुरलेल्या शेळ्या आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बोअर आणली. तिचा संकर वेगाने वाढतो हे खरे, पण तो वेग खुराकाच्या जोरावर असतो. ज्याच्याकडे उन्हाळ्यात भुसकटही पुरत नाही त्याने प्रदर्शनातला लाखाच्या बोलीचा बोकड पाहून कर्ज काढू नये. सुरुवात दोन-तीन गाभण शेळ्यांनी करावी, त्याही बाजारातून नव्हे तर ओळखीच्या घरातून घ्याव्यात. बाजारातून आणलेली शेळी स्वस्त वाटते, पण तिच्यासोबत रोग आला तर घरातल्याही जातात. आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधणे हा नियम मोडू नये. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय पुण्यात आहे, त्याच्या प्रक्षेत्रांवर आणि कृषी विज्ञान केंद्रांत प्रशिक्षण मिळते. शेळ्या घेण्याआधी ते करावे, नंतर नव्हे.

चाऱ्यासाठी वेगळी जमीन अडवण्याची गरज नाही. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावावी. सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, केस गळतात. बुरशी आलेली सोयाबीनची गुळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पैसा नसेल तर

शहरात राहणाऱ्या आणि थोडी बचत असलेल्या माणसाने शेळ्या घेऊन द्यायच्या, गावातल्याने सांभाळायच्या आणि करडे निम्मी-निम्मी वाटून घ्यायची, ही रीत आपल्या गावांत पिढ्यान्पिढ्या आहे. कुठे तिला अर्धल म्हणतात, कुठे बटई. व्याजाच्या कर्जाला हात लावायचा नाही असे ठरवलेल्या अनेक घरांनी याच मार्गाने सुरुवात केली आहे. आणि अनेक नाती याच मार्गाने तुटलीही आहेत, कारण काहीच लिहिलेले नसते. शेळी मेली तर नुकसान कुणाचे, औषधाचा खर्च कुणाचा, करडे दूध सुटल्यावर वाटायची की विकून पैसे वाटायचे, मूळ शेळी शेवटी कुणाची, हे आधीच ठरले पाहिजे. "शेळ्यांत पैसे गुंतवा, दर महिन्याला अमुक रक्कम नक्की" असे कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. शेळी दर महिन्याला विते असे कुणी ऐकलेले नाही.

२०२४ च्या ईदला चाचांनी दोनच बोकड ठेवले होते. तोच व्यापारी आला. काटा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला पाहून हसला आणि म्हणाला, "चाचा, आता आमचं काही खरं नाही." किलोला ४५० वर सौदा झाला, चहा पूर्वीसारखाच झाला. त्या पैशांतून चाचांनी भावजीच्या विधवा बहिणीला दोन पाठी निम्म्या वाट्याने घेऊन दिल्या. बिल्ल्यांचे आकडे, त्या दिवशीचे वजन, खर्च कुणाचा आणि मेली तर काय, हे सगळे मुलीने वहीच्या पानावर लिहिले आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.